शंका आणि शास्त्र : ‘तुम्ही’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आठ महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. मंडळीत (चर्चमध्ये) जो भेटला त्याने बायबलातलं यिर्मया २९:११ (अध्याय २९, वचन ११) सांगितलं, की देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. मी ते पाठ केलं, आरशावर चिकटवलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच तो अध्याय सबंध वाचला, तर आदल्याच वचनात ७० वर्षं थांबायचं! रोज तीन अध्याय वाचायचा नेम दोन वर्षं पाळतेय. तरी विश्वासात वाढ झाल्यासारखं वाटत नाही, उलट आता ही शंका. पाळकसाहेबांना (पास्टरना) विचारलं तर ते मला कच्ची समजतील का?

उत्तर : माझ्या जुन्या बायबलात ओबद्या या छोट्या पुस्तकाच्या पानावर पेन्सिलीच्या सात खुणा आहेत. म्हणजे ते पुस्तक मी सात वेळा ‘केलं’. आहे जेमतेम २१ वचनांचं. एकदा संडे स्कूलमधल्या एका मुलाने त्यातलंच विचारलं, “बाई, हे अदोमी कोण?” आणि मला सांगता येईना. (याकोबाचा भाऊ एसाव, त्याचे वंशज. आता जन्मात विसरणार नाही.) तीन अध्यायांचा रतीब असाच असतो, घातला की सुटलो. तुम्ही गेल्या आठवड्यात अडखळलात, म्हणजे बहुधा पहिल्यांदा वाचलंत.

आता त्या ७० वर्षांकडे येऊ. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यिर्मयाने ते यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला), पाडाव म्हणजे कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना पाठवलं. एक अध्याय मागे जा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतोय, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तोच आवडला असणार, आपल्यालाही आवडला असता. यिर्मया नेमकं उलट लिहितो. घरं बांधा, बागा लावा, मुलांमुलींची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, ७० वर्षं भरली की देव तुम्हांला परत आणील. आणि मग येतं तुमचं अकरावं वचन. पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने मनातल्या मनात हिशेब केला असेल, की मी काही परत जात नाही, गेली तर माझी नातवंडं.

मग ते वचन तुमचं नाहीच का? तसं मी म्हणणार नाही. मराठीत एक गोची आहे. आपला ‘तुम्ही’ आदराचाही असतो आणि अनेकवचनीही. आरशावर लावला की तो समोरच्या एकट्या माणसाशी बोलू लागतो. मूळ हिब्रूत मात्र तो अनेकवचनीच आहे, सगळ्या लोकांना मिळून. कुणा एकाच्या कामाची तारीख तिथे दिलेली नाही. मी माझ्या लोकांना टाकलेलं नाही, एवढं देव सांगतो.

हे कमी वाटतं? मलाही वाटलं होतं. माझे यजमान आजारी असताना मलाही हेच वचन सांगितलं गेलं, आणि ते बरे झाले नाहीत. पण त्या वर्षात रात्रीच्या रात्री त्यांच्या उशाशी बसायला मंडळीतली माणसं पाळीपाळीने आली. त्यातल्या दोघींशी तर माझं तोवर धड बोलणंही नव्हतं. तेव्हा मला तो अनेकवचनी ‘तुम्ही’ कळला, व्याकरण नंतर कळलं. तुम्हांला वचन सांगणाऱ्यांपैकी आठ महिन्यांत किती जण घरी येऊन बसले, हे मला विचारावंसं वाटतंय. तो प्रश्न अर्थात तुम्हांला नाही.

पाळकसाहेबांना जरूर विचारा. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुया नगरातली माणसं प्रत्यक्ष प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहत होती, आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांचं कौतुक करतो. मात्र त्यांनी ते आधी उत्सुकतेने ऐकून घेतलं होतं, हा अर्धा भाग आपल्यातले काही विसरतात आणि हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर बसतात. विचारायची वेळही सांभाळा. मी एकदा उपासना सुटल्यावर दारातच, चार लोकांत, एका पाळकांना उपदेशातली चूक दाखवली. ते तुटक बोलले, मी रुसले आणि वर्षभर बायबल अभ्यासाला गेले नाही. नुकसान कुणाचं झालं ते सांगायला नको. आठवड्यात मधल्या दिवशी वेळ मागा, बायबल उघडून समोर ठेवा आणि म्हणा, “हे मला कळलं नाही.”

वाचनाचा नेम थोडा मोडा. पुढचा महिनाभर पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चारच अध्याय. एका बैठकीत, मोठ्याने. ही पत्रं मंडळीत सर्वांना वाचून दाखवण्यासाठीच होती, पौल थेस्सलनीकाकरांना तसं बजावतोही (१ थेस्सल. ५:२७). ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो’ हेही आरशांवरचं लाडकं वचन तिथेच आहे. ते लिहिणारा बंदिवासात आहे, आणि आदल्या वचनात भुकेची आणि टंचाईची गोष्ट करतोय. ओघात वाचलं की ते आपोआप कानावर येतं.

प्रश्न : मुलगा म्हणतो, यूट्यूबवर आपल्या पाळकांपेक्षा कितीतरी चांगले उपदेश आहेत, मग मंडळीत कशाला यायचं?

उत्तर : असतीलही, मीही ऐकते. त्याला अपुल्लोसाची गोष्ट वाचायला सांगा (प्रेषित. १८:२४-२६). मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत, पण बाप्तिस्मा ठाऊक होता फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने सभास्थानात त्याचं बोलणं ऐकलं, त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. मोबाइलमधला उपदेशक तुमच्या मुलाचं चुकलेलं ऐकूच शकत नाही.

प्रश्न : वय ६८. शास्त्र नियमाने कधी वाचलंच नाही. आता कुठून सुरू करू?

उत्तर : मार्कपासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या गोष्टीपासून. १६ अध्याय आहेत. लेवीय (नियमांचं पुस्तक) घाईने उघडू नका, मी स्वतः तिथे तीनदा अडकलेय.