वाचकांचे प्रश्न : यूगीचे पत्ते पुन्हा हातात घेताना

प्रश्न : लहानपणी केबलवर ‘यू-गी-ओ!’ हे राक्षसांच्या पत्त्यांचं जपानी कार्टून लागायचं आणि आम्ही भावंडं टीव्हीसमोरून हलत नव्हतो. आता मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणून तिला घेऊन पहिल्यापासून पाहायला बसलो. तिनं मामेभावाकडून पत्त्यांचे नियम शिकून घेतलेत, आणि तिचं म्हणणं, ‘बाबा, यातलं कुणीच नीट खेळत नाही.’ त्यातला नायक यूगी तर एका डावात चक्क चंद्रावर हल्ला करतो. माझी बायको म्हणते, ही सगळी पत्ते विकायची जाहिरात आहे. पुढं पाहावी का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : पाहा, आणि लेकीला शाबासकीही द्या. तिची शंका अगदी रास्त आहे.

नियम पाळले जात नाहीत, कारण गोष्ट लिहिली गेली तेव्हा ते नियम नव्हतेच. काझुकी ताकाहाशी यांनी ही चित्रकथा १९९६ साली एका जपानी साप्ताहिकात सुरू केली. सुरुवातीला तिच्यात निरनिराळे खेळ होते, पत्ते हा त्यांतला फक्त एक. वाचकांनी तोच उचलून धरला, म्हणून गोष्ट तिकडं वळली. आज मुलं खेळतात तो कोनामी कंपनीचा खेळ जपानमध्ये १९९९ मध्ये आला आणि तुम्ही पाहिलेली मालिका २००० मध्ये. मालिकेनं पत्ते भरपूर खपवले, हे तुमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं खरंच आहे. पण गोष्ट आधी जन्मली आणि दुकान मागून आलं, एवढं त्यांना माझ्या वतीनं जरूर सांगा.

म्हणून पेगासस या खलनायकाच्या बेटावरचे सुरुवातीचे डाव हे कल्पनेचे डाव म्हणून पाहावेत. चंद्रावर हल्ला केला की समुद्राची भरती ओसरते आणि पाण्यात लपलेले राक्षस उघडे पडतात. हा नियम कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही, पण नऊ वर्षांच्या लेकराच्या डोक्यात तो लगेच बसतो. त्या बेटावर डाव सुरू होताना प्रत्येकाला २००० गुण असतात, पुढं ‘बॅटल सिटी’ या स्पर्धेत ४०००, आणि खऱ्या खेळात ८०००. बॅटल सिटीपासून मोठा राक्षस बोलवायला लहान राक्षसांचा बळी द्यावा लागतो. तिथून पुढं तुमच्या लेकीचा जीव जरा शांत होईल.

पण नियमांत अडकून राहिलात तर २२ ते २४ हे भाग हातचे जातील, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. यूगीचा प्रतिस्पर्धी काइबा, त्याचा धाकटा भाऊ मोकुबा पेगाससच्या कैदेत आहे. किल्ल्यात शिरायचं तर काइबाला यूगीला हरवावं लागणार, आणि तो हरायला आलेला आहे. मग काइबा तटाच्या कडेवर जाऊन उभा राहतो. आता हल्ला केलास तर मी खाली पडेन, असं सांगतो. यूगीच्या आत एका जुन्या राजाचा आत्मा राहतो आणि डावात तोच पुढं असतो. तो तरीही हल्ल्याचा हुकूम देतो, आणि आतला लहान यूगी ओरडून त्याला थांबवतो. डाव काइबा जिंकतो. यूगी मात्र भेदरून जातो, कारण आपल्याच आत असला कुणी आहे हे त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं.

मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पाचवी-सहावीच्या मुलांना ही गोष्ट सांगून विचारलं, की तुम्ही काय केलं असतं? वर्ग सरळ दुभंगला. ‘काइबानं चीटिंग केली’ म्हणणारे एकीकडं, ‘त्याचा भाऊ आहे ना पण’ म्हणणारे दुसरीकडं. तास संपल्याची घंटा झाली तरी भांडण मिटेना. मुलांच्या मालिकेनं मुलांपुढं इतका अवघड प्रश्न ठेवावा, याचं मला आजही मोल वाटतं. तुम्ही दोघं तो भाग पाहाल तेव्हा लेकीला आधी बोलू द्या.

एक सावधगिरी. आपल्याकडं पोचली ती अमेरिकेत कापलेली, नवं संगीत घातलेली इंग्रजी प्रत. तिच्यात पत्त्यांवरचा मजकूर पुसला आहे. पिस्तुलं काढून टाकल्यामुळं माणसं नुसती बोटं रोखून उभी दिसतात. मरणाच्या जागी ‘शॅडो रेल्म’ नावाची काळोखी दुनिया आणली आहे. जपानी आवाजातली मूळ मालिका जास्त करारी आहे. तुम्ही ती एकट्यानं जरूर पाहा, मुलीला अजून दोन-तीन वर्षं थांबू द्या.

प्रश्न : आमच्या गावात भारनियमन इतकं, की निम्मे भाग हुकायचे. पुढं केबलवाल्यानं ते चॅनलच काढलं. यूगी आणि त्या राजाचं शेवटी काय झालं, हे आजपर्यंत कळलं नाही. सांगाल का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : सांगते. मालिका २२४ भागांची आहे आणि २००४ मध्ये संपली. राजाला त्याचं नाव सापडतं, आतेम. तीन हजार वर्षं यूगीच्या गळ्यातल्या कोड्यात अडकलेल्या त्या आत्म्याला परत जायचं असेल, तर त्याला कुणीतरी डावात हरवलं पाहिजे. तो हरवणारा यूगीच असतो. दोघांच्या दोन वेगळ्या गड्ड्या, समोरासमोर.

आतेम आपले सगळ्यात बलाढ्य तीन देव-राक्षस मैदानात आणतो आणि यूगी तिन्ही पाडतो. मग आतेम मेलेल्याला परत आणणारा ‘मॉन्स्टर रिबॉर्न’ हा पत्ता टाकतो. यूगीनं हे आधीच ओळखून तोच पत्ता एका सोन्याच्या पेटीत बंद करून ठेवलेला असतो. पेटी उघडते आणि आतेमचा पत्ता निकामी होतो. गेलेल्यांनी आता जावं, हे यूगी भाषण न देता एका पत्त्यानं सांगतो. शेवटचा वार ‘सायलेंट मॅजिशियन’चा. जिंकल्यावर यूगी गुडघ्यांवर बसून रडतो आणि आतेम त्याला उठवतो. मी ते मोठेपणी पाहिलं, वडील गेल्यानंतरच्या वर्षी. त्यावर जास्त लिहीत नाही. पण इतकी वर्षं थांबला आहात, तर निदान शेवटचे चार भाग गाठाच.

ताकाहाशी स्वतः जुलै २०२२ मध्ये जपानमधल्या ओकिनावाच्या समुद्रात बुडून वारले, साठाव्या वर्षी. पाण्याच्या ओढीत सापडलेल्या लोकांना वाचवायला ते उतरले होते, असं त्या बचावात असलेल्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानं नंतर सांगितलं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगते. ज्यानं ही चित्रं काढली तो माणूस कसा होता, हे त्यांना माहीत असावं.

प्रश्न : नातवानं उरुसातून हे पत्ते आणले. घरात पत्ते म्हणजे जुगार, असं आमच्याकडं मानतात. शिवाय ते नकली आहेत म्हणे. काय करावं? (एक आजोबा, परभणी)

उत्तर : काका, तुमची भीती मी उडवून लावणार नाही. मालिकेतच बॅटल सिटीत हरणाऱ्याला आपला सगळ्यात दुर्मीळ पत्ता जिंकणाऱ्याला द्यावा लागतो, आणि मुलं ते बघून तसंच करतात. माझ्या वर्गात यावरून रडारड झाली, तेव्हापासून नियम एकच : डाव संपला की ज्याचे पत्ते त्याला परत. तुमच्या घरातही तो लावा. बंद पाकिटांचा नाद मात्र लागू देऊ नका. आत काय निघेल ते ठाऊक नसतं आणि पोरगं पुन्हा पैसे मागतं. कधी घ्यायचेच झाले, तर आतले पत्ते ठरलेले असतात ती तयार गड्डी घ्यावी.

अस्सल पत्त्याच्या पुढच्या बाजूला उजवीकडं खालच्या कोपऱ्यात चकाकणारा छोटा चौकोन असतो. नकली पत्त्यांत तो बहुधा नसतो आणि इंग्रजी स्पेलिंगं चुकलेली असतात. स्पर्धेत असले पत्ते चालत नाहीत, घरी खुशाल चालू द्या. त्याहून बरं सुचवते. लग्नसराईतल्या जुन्या पत्रिका घरात पडून असतील. त्यांच्या कोऱ्या बाजूचे ५९ बाय ८६ मिलिमीटरचे तुकडे कापा आणि राक्षस नातवाला काढू द्या. गड्डीला निदान ४० पत्ते लागतात, म्हणजे एक-दोन राक्षस तुम्हालाही काढावे लागतील.