लेमन राईसचा गचका होतो, चटणीला पाणी सुटतं

प्रश्न: ताई, माझा लेमन राईस दरवेळी चिकट होतो आणि थोडा कडवटही लागतो. खोबऱ्याची चटणी पण तासाभरात पाणी वेगळं, चोथा वेगळा अशी होते. काय चुकतंय?

उत्तर: अहो, भात गरम असतानाच कालवताय ना तुम्ही? तिथेच गचका होतो. सोना मसुरी घ्या, पाणी नेहमीपेक्षा जरा कमी, आणि शिजला की मोठ्या परातीत पसरा, वरून चमचाभर तिळाचं तेल सोडा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, शीत न् शीत मोकळं होतं. लिंबू मात्र फोडणीत कधीच नाही, ते उकळलं की कडू होतं, म्हणून गॅस बंद करून मगच पिळायचं. फोडणीत उडदाची डाळ आणि शेंगदाणे मंद आचेवर खरपूस होऊ द्या, मला तर तो कुरकुरीतपणा नसेल तर हा भात अपुराच वाटतो.

चटणीला ओलं खोबरं ताजंच हवं, पाठीची तपकिरी साल काढून. मूठभर डाळं घाला, त्यानेच ती मिळून येते. पाणी गार आणि थोडं थोडं, मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की खोबरं तापतं आणि तेल सुटायला लागतं. मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची, हिंगाची फोडणी वरून, अगदी वाढताना.