टेक्सासमध्ये टिपवर कर लागतो का?

रावेरहून आपण लिहिले आहे की, भावाच्या अर्जावरून ग्रीनकार्ड मिळाले असून डॅलसला हॉटेलात वेटरचे काम करण्याचा विचार आहे. शिवाय नव्या कायद्याने टिप करमुक्त झाल्यामुळे ती आता कुणाला दाखवावी लागत नाही, असे मावसभाऊ सांगतात. त्यांचे पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे साफ चुकीचे.

2025 ते 2028 या वर्षांसाठी वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतची टिप उत्पन्नातून वजा करता येते. मात्र ही सवलत केवळ केंद्रीय प्राप्तिकरापुरती आहे आणि तीही रीतसर दाखवलेल्या टिपलाच मिळते. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचे एकूण 7.65 टक्के कापले जातातच. टेक्सासला राज्याचा प्राप्तिकर नाही, एवढा दिलासा.

महिन्यात 20 डॉलर किंवा त्याहून अधिक टिप मिळाली, की पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवावे लागते. त्यात कार्डवरची टिपही धरतात, सहकाऱ्यांना वाटून दिलेली मात्र वगळतात. बिलात सक्तीने लावलेले सेवाशुल्क टिपमध्ये मोडत नाही; तो पगारच.

इथे टिप मिळणाऱ्याला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालते, फक्त टिप धरून ताशी 7.25 भरले पाहिजेत. समजा, आठवड्यात 30 तास भरले आणि 600 डॉलर टिप रोख हातात मिळाली, तर पगार होतो 63.90 डॉलर, आणि 663.90 वरची 7.65 टक्क्यांची कपात 50.79 डॉलर. म्हणजे प्राप्तिकर कापण्याआधीच चेकवर 13.11 डॉलर उरतात. पहिला चेक पाहून मालकाने फसवले असे मला वाटले होते.

माझे वडील केळीच्या प्रत्येक पट्टीची नोंद लाल वहीत करत. मी मात्र पहिल्या वर्षी रोख टिप कुठेच मांडली नाही. पुढे घरकर्जासाठी गेलो तेव्हा कागदावर उत्पन्नच दिसेना. न कळवलेली टिप 4137 क्रमांकाच्या फॉर्मवर स्वतः दाखवता येते, पण सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरच्या थकलेल्या करावर 50 टक्के दंड लागू शकतो. तेव्हा रोजच्या रोज तारीख, रोख, कार्ड आणि वाटून दिलेली रक्कम लिहीत चला.

आल्याबरोबर सोशल सिक्युरिटी नंबर मिळवा. त्याशिवाय ही वजावट मिळत नाही, आणि तिच्यासाठी विवाहितांना विवरणपत्रही संयुक्तच भरावे लागते.