आजचे जर्मन लेखक-दिग्दर्शक नाझी गुन्ह्यांची कबुली देतात, की स्वतःलाच बळी ठरवतात?

तुमची शंका रास्त आहे. बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालेली शहरं, पूर्वेकडून पळून आलेले निर्वासित, थंडीने गारठलेले सैनिक हे सगळं अलीकडच्या जर्मन पुस्तकांत आणि पडद्यावर पुष्कळ दिसतं. ते पाहताना मनात येतंच, की ही मंडळी हळूच बळींच्या रांगेत जाऊन उभी राहताहेत का? काही जण राहतात. पण जे लेखक मला मोठे वाटतात ते हिटलरला बाजूला ठेवून स्वतःच्या घरात शिरतात, आणि तिथे ही पळवाट उरत नाही.

जर्मन लेखक उवे टिम यांनी २००३ मध्ये आपल्या मोठ्या भावावर पुस्तक लिहिलं. हा भाऊ आपणहून एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या, टोटेनकोप्फ डिव्हिजनमध्ये भरती झाला आणि १९४३ मध्ये, दोन्ही पाय गमावून, युक्रेनमधल्या लष्करी इस्पितळात वारला. वय एकोणीस. टिम तेव्हा तीन वर्षांचे होते. घरात हा भाऊ म्हणजे शूर, खोटं न बोलणारा, आदर्श मुलगा. मागे राहिली होती त्याची छोटी डायरी. त्यात एका नोंदीत समोर सिगारेट ओढत बसलेला रशियन सैनिक आहे, आणि तो आपल्या मशीनगनला आयता मिळाल्याचा आनंद आहे. आई आणि बहीण हयात असेपर्यंत टिम यांना हे पुस्तक लिहिता आलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याच पुस्तकात सापडतं. १९४३ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले, टिम यांचं घर गेलं. भाऊ आघाडीवरून वडिलांना कळवतो, की हे युद्ध नव्हे, ही बायकामुलांची हत्या आहे. आणि हाच मुलगा युक्रेनमध्ये लोकांची घरं पाडण्याच्या कामावर आहे. ती घरं पाडल्याची नोंद त्याने कोरडेपणाने केली आहे. आपलं घर जळालं याचं दुःख खरं आहे, टिम ते लपवत नाहीत. पण त्याच हातांनी दुसऱ्यांची घरं पाडताना त्याला काहीच कसं वाटलं नाही, हा प्रश्न ते सोडत नाहीत. दोन्ही एकाच पानावर ठेवणं, याला मी प्रामाणिकपणा म्हणेन.

कादंबरीकार ग्युंटर ग्रास यांच्या २००२ च्या 'इम क्रेब्सगांग' या छोट्या कादंबरीची बाजू थोडी वेगळी. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत पाणबुडीने 'विल्हेल्म गुस्टलोफ' जहाज बुडवलं, हजारो जर्मन निर्वासित मेले. त्याबद्दल इतरांनी बोलणं टाळलं म्हणून तो विषय नव-नाझींच्या हाती गेला, असं ग्रास यांना दाखवायचं होतं. मला ते पटतं. पुढे २००६ मध्ये त्यांनी स्वतः तरुणपणी वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे एसएसच्या लष्करी शाखेत, असल्याचं सांगितलं तेव्हा गदारोळ झाला. इतकी दशकं दुसऱ्यांना जाब विचारणाऱ्या माणसाचं हे मौन मला आजही खुपतं.

उलट उदाहरणही देतो. २०१३ ची 'उन्झेरे म्युटर, उन्झेरे फेटर' (आमच्या आया, आमचे वडील) ही जर्मन टीव्ही मालिका. पाच तरुण मित्र, त्यातला एक ज्यू, आणि युद्ध जणू बाहेरून येऊन त्यांच्यावर कोसळतं. प्रसंग ताकदीचे आहेत, पण मनापासून नाझी असलेली पिढी कुठे गेली? पोलिश गनिमांना ज्यूद्वेष्टे दाखवल्यावरून पोलंडमध्ये संताप उसळला, आणि तो मला योग्यच वाटतो. तुमची शंका इथे शंभर टक्के लागू पडते.

चित्रपटांत ख्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा 'फीनिक्स' (२०१४) चुकवू नका. छळछावणीतून वाचलेली नेली चेहऱ्यावर शस्त्रक्रिया होऊन बर्लिनला परतते. नवरा तिला ओळखत नाही, पण ती आपल्या 'मेलेल्या' बायकोसारखी दिसते एवढं त्याला जाणवतं. बायकोच्या पैशांसाठी तो तिलाच तिचं सोंग घ्यायला शिकवतो. लाल पोशाख आणि पॅरिसचे बूट घालून तिने गाडीतून उतरायचं, असा त्याचा बेत. छावणीतून कुणी असं परततं का, असं ती विचारते. त्याला त्याचं काही नाही. त्याला युद्धाआधीची बायको परत हवी आहे, छावणीतून आलेली नको. युद्धानंतरच्या जर्मनीने वाचून आलेल्यांना कसं वागवलं हे इतक्या थेटपणे सांगणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

सुरुवात टिम यांच्यापासून करा. इंग्रजी अनुवाद 'इन माय ब्रदर्स शॅडो' या नावाने आहे, पुस्तक लहानसंच आहे. ग्रास त्यानंतर वाचा, म्हणजे दोघांमधला फरक आपोआप कळेल.