पृथ्वीचे नॉर्मल मोड्स (मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी ज्या ठरावीक तऱ्हांनी थरथरते त्या) आणि सिंथेटिक सीस्मोग्राम (गणिताने काढलेला भूकंपाचा रेकॉर्ड) साध्या लॅपटॉपवर काढता येतात का? आणि खऱ्या रेकॉर्डशी उंची जुळत नसेल तर नॉर्मलाइझ करून, म्हणजे एका आकड्याने गुणून उंची जुळवून, चालतं का?

लॅपटॉपवर निघतात. मिनिऑस हा मोड्स काढायचा प्रोग्राम डाउनलोड करा, सोबत पृथ्वीच्या आतल्या रचनेचं प्रेम मॉडेल घ्या (१९८१ चं, झिवॉन्स्की-अँडरसनचं), २० मिलीहर्ट्झपर्यंतचे मोड्स आजच्या कुठल्याही मशीनवर निघतात. पण तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसले.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंप घेतला होता. हार्वर्डच्या भूकंप कॅटलॉगमधला मोमेंट टेन्सर (फॉल्ट कुठल्या दिशेने आणि किती सरकला ते सांगणारे आकडे) उचलला, एकूण मोमेंट, म्हणजे भूकंपाचा आकार, साधारण ४ × १०^२९ डाइन-सेंटीमीटर, मोड्सची बेरीज केली आणि जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट ऑब्झर्व्हेटरीच्या रेकॉर्डमधून भरती-ओहोटीचा भाग काढून दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक लावले. पीक्स जागच्या जागी बसले. ५४ मिनिटांचा ०एस२, ३५.५ मिनिटांचा ०एस३, साडेवीस मिनिटांचा ०एस० (ही मोड्सची नावं), सगळे. पण उंचीला माझं सिंथेटिक कमी पडत होतं, ०एस२ वर तर खऱ्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं.

माझे गाइड सर म्हणाले युनिट चुकलंय. चार दिवस मी युनिट बघत बसले. डाइन-सेंटीमीटर आणि न्यूटन-मीटरमध्ये १०^७ चा फरक असतो, म्हणजे युनिट चुकलं तर उत्तर दहाच्या घातांनी चुकतं, दुपटी-अडीचपटीने कसं चुकेल? हे सांगितलं तर म्हणाले, "फॅक्टर लावून टाक, शेप जुळतोय ना, सगळे लावतात."

मी नाही लावला. आधी तोच कोड बोलिव्हियाच्या ९ जून १९९४ च्या भूकंपावर चालवला, सहाशे किलोमीटरपेक्षा खोल झालेला तो, आणि तिथे उंची व्यवस्थित बसली. म्हणजे कोड बरोबर. मग सरांचा दुसरा मुद्दा, पृथ्वी फिरते म्हणून ०एस२ चे पाच तुकडे होतात आणि तुझ्या न फिरणाऱ्या गोल पृथ्वीत एकच पीक येतो, मग उंचीची तुलना कशी करतेस. हा मुद्दा खरा होता, मान्य. पण ०एस० म्हणजे अख्खी पृथ्वी एकसारखी फुगते आणि आकसते, तो फुटतच नाही, आणि तिथेही मी कमीच पडत होते, फक्त ०एस२ इतकी नाही. पिरियड वाढेल तशी तफावत वाढत होती. युनिटची चूक सगळीकडे सारखी दिसते, ती पिरियड बघून वाढत नाही.

झालं असं होतं की कॅटलॉगचा मोमेंट साधारण ३०० सेकंदांच्या लाटांवरून काढलेला, आणि फॉल्ट तर सुमात्रापासून अंदमानपर्यंत हजाराहून जास्त किलोमीटर फाटलेला. त्यातला बराचसा भाग सावकाश सरकला, तो ३०० सेकंदांवर पुरता दिसलाच नाही, पण ५४ मिनिटांच्या मोडमध्ये दिसला. स्टाइन आणि ओकल यांनी हे २००५ मध्येच नेचरमध्ये छापलं होतं, मोमेंट सुमारे अडीच पट आणि मॅग्निट्यूड ९.० ऐवजी ९.३. मला तो पेपर लायब्ररीत फार उशिरा सापडला, प्रिंट घेऊन धावत गेले तर उत्तर मिळालं, "आधीच छापून आलंय, मग तू नवीन काय केलंस?" रिपोर्टमध्ये शेवटी नॉर्मलाइझ केलेलीच आकृती गेली. मूळ आकृती मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून सांगते, नॉर्मलाइझ करू नका. मोमेंटची सगळी माहिती त्या उंचीतच असते, फॅक्टर लावला की ती गेली.

फॅक्टरला हात लावण्याआधी या गोष्टी तपासा. मिनिऑसला टेन्सर वर-दक्षिण-पूर्व असा लागतो. तुमचा उत्तर-पूर्व-खाली असेल तर दोन घटकांची चिन्हं उलटतात, नेमकी हीच चूक मुलं करतात आणि सुमात्रात त्यातला एक घटक खूप मोठा आहे. मॉडेल फाइलच्या सुरुवातीच्या ओळींत रेफरन्स पिरियड १ सेकंद असतो तो तसाच राहू द्या, नाहीतर क्यूमुळे (लाट किती हळू विरते त्याचं माप) येणारं डिस्पर्शन, म्हणजे पिरियडप्रमाणे लाटेचा वेग बदलणं, धरलं जात नाही आणि सगळे पीक्स वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतात. कमी फ्रिक्वेन्सीच्या मोड्ससाठी ग्रॅव्हिटी बंद करून वेळ वाचवायच्या भानगडीत पडू नका. प्रेममध्ये वर ३ किलोमीटर पाणी आहे, स्टेशन जमिनीवर असेल तर त्याचा विचार करा. रेकॉर्ड लांब घ्या, ०एस२ चे पाच तुकडे वेगळे दिसायला चार-पाच दिवसांचा तरी हवाच.

हां, फक्त पीकची जागा वाचायची असेल किंवा पीक किती हळू विरतो त्यावरून क्यू काढायचा असेल तर नॉर्मलाइझ केलं तरी बिघडत नाही. आणि कधी कधी स्टेशनचं कॅलिब्रेशनच चुकलेलं असतं, तेही होतं. तेव्हा एका स्टेशनवरून भांडायला जाऊ नका, निदान सात-आठ शांत स्टेशन घ्या आणि खरी उंची भागिले सिंथेटिक उंची हा आकडा प्रत्येक मोडच्या पिरियडसमोर मांडा. सगळीकडे सारखाच आला तर तुमची चूक शोधा. पिरियडबरोबर चढत गेला तर तो प्लॉट घेऊन गाइडकडे जा, आणि आकृती बदलायला सांगितली तर मूळ आकृती अपेंडिक्समध्ये तरी टाकाच, मी तेवढंही केलं नाही.