वाचकांचे प्रश्न : थंड देशात घरातल्या घरात बी केव्हा पेरावे?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसागा येथे राहते. तिच्या घरामागे भाजीपाल्यापुरती जागा आहे. गेल्या वर्षी तिने फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच टोमॅटो, वांगी, मिरची आणि दुधी यांचे बी एकाच दिवशी खिडकीतल्या कुंड्यांत पेरले. रोपे भराभर उंच झाली, पण फार बारीक राहून कलंडली. जी टिकली ती १ मे रोजी बाहेर लावली आणि दोन-तीन दिवसांत काळी पडली. यंदा मार्चच्या आरंभी मी तिच्याकडे जाणार आहे. तिथल्या हवेत कोणते बी केव्हा पेरावे? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या मुलीचे बी चांगले होते, कारण ते उगवले, तिची मेहनतही कमी पडलेली दिसत नाही. पेरण्याचा आणि बाहेर लावण्याचा असे दोन्ही दिवस मात्र लवकरचे निघाले. थंड प्रदेशात पेरणीची तारीख ठरवताना आधी वसंत ऋतूतल्या शेवटच्या हिमकणांची सरासरी तारीख शोधावी लागते आणि तिथून प्रत्येक पिकाच्या गरजेप्रमाणे आठवडे मागे मोजत यावे लागते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. टोरोंटोच्या परिसरात तीच अवस्था मे महिन्यातही एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री येऊ शकते. अशा रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते, त्यामुळे हवेचे तापमान २–३ अंश दाखवले जात असतानाही जमिनीलगतची पाने शून्याच्या खाली जातात, पानांतले पाणी गोठून पेशी फुटतात आणि सकाळी उन्हात ती पाने काळी, लिबलिबीत दिसू लागतात. आपल्या मुलीच्या रोपांचे बहुधा हेच झाले असावे.

मिसिसागाच्या भागात शेवटच्या हिमकणांची सरासरी तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. ओंटारिओ सरोवराच्या काठी ती थोडी अलीकडे असते आणि सरोवरापासून आत जावे तशी पुढे सरकते. मोजणीसाठी आपण १० मे धरू. ही तारीख सरासरीची आहे, म्हणजे काही वर्षी हिमकण तिच्यानंतरही पडतात, आणि म्हणूनच तिथले अनुभवी बागकर्मी नाजूक रोपे बाहेर लावण्यासाठी व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीची वाट पाहतात. हा दिवस २५ मेच्या आधीचा सोमवार असतो, म्हणजे १८ ते २४ मे या आठवड्यातच येतो. जर्मनीतही ११ ते १५ मे या दिवसांना, त्या त्या दिवशीच्या ख्रिस्ती संतांवरून, हिमसंतांचे दिवस म्हणतात आणि १५ तारखेचा संत सोफीचा दिवस गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावू नये असा तिथला जुना रिवाज आहे. अशा लोकरीती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेल्या असतात आणि त्या पाळण्यातच शहाणपण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मागे मोजू. कांद्याच्या रोपांना सर्वांत जास्त वेळ लागतो, १० ते १२ आठवडे. म्हणजे ते बी १५ फेब्रुवारी ते १ मार्चच्या दरम्यान पडायला हवे. आपण पोहोचेपर्यंत ही वेळ टळत आली असेल, तेव्हा ते काम मुलीला आधीच सांगून ठेवावे. मिरची, ढोबळी मिरची आणि वांगी यांना ८ ते १० आठवडे लागतात, म्हणून त्यांची पेरणी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. टोमॅटोला ६ ते ८ आठवडे पुरतात. १५ ते २९ मार्च हा त्याचा काळ. कोबी आणि फ्लॉवर मार्चच्या मध्यास पेरावेत. ही रोपे हलकी थंडी सोसतात, त्यामुळे ती एप्रिलच्या अखेरीस बाहेर जाऊ शकतात. दुधी, काकडी, भोपळा आणि दोडका यांना घाई अजिबात मानवत नाही. त्यांची मुळे दुखावलेली चालत नाहीत आणि वाढ इतकी वेगवान असते की तीन-चार आठवड्यांतच रोप लावणीला तयार होते, म्हणून ती एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी, प्रत्येक बी स्वतंत्र कुंडीत, अशी पेरावीत. कारल्याच्या बियांचे कवच टणक असते. ते कडेला किंचित खरवडून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवले तर उगवण सुधारते. भेंडीलाही हाच काळ ठीक, मात्र माती चांगली तापल्याशिवाय, म्हणजे साधारण जूनच्या आरंभापर्यंत, ती बाहेर लावू नये. मुळा, गाजर, वाटाणा, मेथी आणि कोथिंबीर यांची रोपे घरात करण्याची गरजच नाही. एप्रिलमध्ये गोठलेली जमीन मोकळी झाली की हे बी थेट वाफ्यात पेरावे. उलट उशीर केला तर उन्हाळ्याच्या लांब दिवसांत कोथिंबीर लगेच फुलावर येते.

लवकर पेरले तर लवकर फळ मिळेल, हा समज फार पसरलेला आहे आणि सर्वाधिक नुकसान त्यामुळेच होते. दहा-बारा आठवडे छोट्या कुंडीत अडकलेल्या टोमॅटोची मुळे कुंडीत गोल फिरून गच्च होतात, रोप कोवळेपणीच फुलावर येते आणि जमिनीत गेल्यावर कित्येक दिवस थबकते. सहा आठवड्यांचे ठेंगणे, जाड देठाचे रोप त्याला सहज मागे टाकते. एखादा आठवडा उशीर झाला तर काळजी करू नये. महिनाभर आधी पेरलेले रोप मात्र नीट सांभाळणे घरात जवळजवळ अशक्य असते.

रोपे बारीक होऊन कलंडण्याचे मुख्य कारण प्रकाशाची कमतरता. फेब्रुवारीत तिथला दिवस लहान असतो, आभाळ वारंवार ढगाळ असते, खिडकीतून प्रकाश एकाच बाजूने येतो, आणि घर मात्र हीटरने उबदार ठेवलेले असते. ऊब भरपूर आणि उजेड अपुरा असला की रोप उजेडाच्या शोधात ताणले जाते. यावर उपाय सोपा आहे. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून ५ ते १० सेंटिमीटर उंचीवर टांगाव्यात, रोज १४ ते १६ तास चालू ठेवाव्यात आणि रोपे वाढतील तशा वर सरकवाव्यात. महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. केवळ खिडकीवरच भागवायचे असेल तर ती दक्षिणेकडची असावी, कुंड्या रोज फिरवाव्यात आणि पेरणी वरच्या तारखांच्या शेवटच्या टोकाला करावी.

उगवणीपर्यंत उजेडापेक्षा ऊब महत्त्वाची असते. मिरची आणि वांगी यांना मातीचे तापमान २५ ते ३० अंश मिळाले तर बी वेळेवर उगवते. १८ अंशांच्या खोलीत मिरचीचे बी आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहते आणि अनेकदा कुजते. कुंड्यांखाली ठेवायची विजेची उबदार चटई तिकडे सहज मिळते. ओल टिकवण्यासाठी कुंड्यांवर झाकण घातले असेल तर बी उगवताच ते काढावे, चटईही काढावी आणि रोपे थोड्या थंड जागी, १८ ते २० अंशांत, दिव्याखाली न्यावीत. माती बागेतली वापरू नये. बाजारातले निर्जंतुक, हलके मिश्रण घ्यावे, पाणी खालच्या ताटलीतून द्यावे आणि जवळ एक छोटा पंखा मंद गतीने चालू ठेवावा, कारण ओल आणि कोंदट हवा एकत्र आली की बुरशीमुळे रोपे मातीलगत सडून एका रात्रीत कोलमडतात आणि त्यांना वाचवता येत नाही. उगवताना दिसणाऱ्या बीजदलांनंतरची खरी पाने दोन आली की प्रत्येक रोप मोठ्या कुंडीत हलवावे. टोमॅटो थोडा ताणला गेला असेल तर तो पहिल्या पानांपर्यंत मातीत खोल लावावा, त्याच्या खोडाला मुळे फुटतात. वांग्याला आणि मिरचीला ही सवलत फारशी मिळत नाही.

बाहेर लावण्यापूर्वी रोपे काटक करणे हा टप्पा कोणीही वगळू नये. घरातल्या रोपाने वारा, थेट ऊन किंवा रात्रीचा गारवा पाहिलेला नसतो. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे अधिक ऊन, असे सात ते दहा दिवस करावे. रात्री रोपे आत घ्यावीत. सरासरी तारीख उलटली म्हणून लगेच लावणी करू नये, रात्रीचे तापमानही पाहावे. रात्री सलग १० अंशांच्या वर राहू लागल्या की टोमॅटो लावावा. मिरची, वांगी आणि दुधी यांना १२–१३ अंश बरे. हे मूळचे उष्ण प्रदेशातले वंश आहेत आणि हिमकण न पडताही केवळ गार रात्रींनी त्यांची वाढ खुंटते. लावणीनंतर थंडीचा इशारा आला तर संध्याकाळी जुनी चादर रोपांवर, काठ्यांच्या आधाराने, पानांना न चिकटता घालावी आणि सकाळी काढावी.

प्रश्न : अमेरिकेत शिकागोजवळ राहणाऱ्या मुलाकडे जाताना कोकणातल्या घरचे वाल आणि पावट्याचे बी न्यावे अशी इच्छा आहे. ते तिथे घरात रोप करून वाढेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरच्या बियांवरची आपली माया मला पूर्ण समजते, तरीही ते सामानात टाकून नेऊ नका. पेरणीसाठीचे बी दुसऱ्या देशात नेताना त्यासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, विमानतळावर ते जाहीर करावे लागते, आणि जाहीर न केलेले बी सापडले तर ते जप्त होऊन दंडही होऊ शकतो. या नियमांमागे तिथल्या शेतीला नव्या किडी-रोगांपासून वाचवण्याचे रास्त कारण आहे.

दुसरी अडचण अधिक मुळातली आहे. आपल्याकडचे पारंपरिक वाल-पावटे दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. म्हणून तर ते आपल्याकडे पावसाळ्यानंतर पेरले जातात आणि थंडीत शेंगा धरतात. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, शिकागोत तो सव्वापंधरा तासांपर्यंत जातो. तिथे हा वेल उन्हाळाभर नुसता पाला वाढवतो, दिवस पुरेसा लहान होतो तो सप्टेंबरच्या अखेरीस, आणि शेंगा भरण्याआधीच ऑक्टोबरमधली थंडी त्याला मारते. घरात कितीही लवकर रोप केले तरी हे चुकत नाही. तिकडच्या आशियाई बी-विक्रेत्यांकडे दिवसाच्या लांबीची फिकीर न करणारे, लवकर येणारे वालाचे वाण मिळतात. मुलाला ते विकत घ्यायला सांगावे आणि मेच्या मध्यास, स्वतंत्र कुंड्यांत, लावणीच्या तीन आठवडे आधी पेरावे.

प्रश्न : मुंबईत हिमकण पडत नाहीत. मग इथे रोपे आडोशाला करण्याचा काही उपयोग आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : आहे, आणि मोजण्याची रीतही तीच आहे. सांताक्रूझला आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे. तेव्हा गोठण्याची भीती आपल्याला नाही. आपली अडचण पावसाचा मारा आणि मार्चपासूनची उष्णता ही आहे. रात्री उबदार आणि दिवस ३५ अंशांकडे जाऊ लागले की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. म्हणून आपल्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पूर्ण वापरता आला पाहिजे. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या सुधारित तारखांप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तिथून चार-पाच आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा पहिला आठवडा येतो. त्या सुमारास टोमॅटो, वांगी आणि मिरचीचे बी बाल्कनीत, पावसाचे थेंब थेट पडणार नाहीत पण उजेड भरपूर येईल अशा जागी, कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात पेरावे. आपल्याकडे माती आपोआप उबदार असते, त्यामुळे टोमॅटो आठवड्याभरात उगवतो. ओलसर हवेत रोपे कोलमडण्याचा धोका मात्र इथे अधिक, म्हणून बी दाट पेरू नये आणि वरची माती किंचित सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. ऑक्टोबरचे ऊन फार प्रखर असल्याने इथेही रोपे आठवडाभर हळूहळू उन्हाला सरावू द्यावीत आणि लावणी संध्याकाळी करावी.