दोन शहरांमधलं अंतर माहीत असेल तर विमानाला किती वेळ लागेल हे कसं काढायचं? आणि लंडन-न्यूयॉर्कला जाता-येता वेळ वेगळा का लागतो?

प्रश्न बघितला आणि राहवलं नाही, कारण नेमक्या याच गोष्टीवरून आमचे दाजी आणि मी चार वर्षं भांडतोय.

ताई, दाजी आणि मी लंडनहून न्यूयॉर्कला चाललो होतो. तिकिटावर निघायची वेळ सकाळी ११, पोचायची दुपारी २. दाजींनी केली वजाबाकी आणि ऑफिसला कळवून मोकळे, की तीन तासांत पोचतोय, कॉलला आहेच मी. म्हटलं दाजी, या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात, मधे पाच तासांचा फरक आहे. तर म्हणे, पृथ्वी फिरते पूर्वेकडे, आपण चाललोय पश्चिमेला, म्हणजे न्यूयॉर्कच आपल्याकडे येतंय, वेळ कमीच लागणार. अहो, मग हेलिकॉप्टर नुसतं वर उचलून धरा की, खालून गाव येईलच! हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते हे यांना कोण सांगणार.

खरी भानगड वाऱ्याची आहे. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी विमानं उडतात तिथेच, जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणजे जाताना तो समोरून आणि येताना पाठीमागून. जाताना समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग, ताशी ७८० किमीच्या आसपास अडकलेला, येताना हजाराच्या पुढे गेला, दोन्हीचे फोटो आहेत माझ्याकडे. जायला आठ तास, यायला सात. यावर दाजी काय म्हणाले माहितीये? येताना पायलटला घरी जायची घाई असते! फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, ती बातमी पाठवली तर त्यावर नुसता अंगठा.

तर हिशोब असा. अंतर सपाट नकाशावर मोजू नका, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून येतं ते धरा, इथे साधारण ५५४० किमी. विमान ताशी ९०० किमीने उडत असलं तरी ८०० ने भागा आणि वर अर्धा तास टाका, कारण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात येतं. साडेसात तासांच्या आत येईल. मग पश्चिमेला जाताना अर्धा तास वाढवा, पूर्वेला कमी करा. हे अशा लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासालाच हं, उत्तर-दक्षिण जाताना वाऱ्याचा एवढा फरक पडत नाही, आणि हिवाळ्यात वारा जास्त जोरात असतो.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही सरळ ९०० ने भागून छातीठोकपणे सहा तास सांगितले होते, आणि दाजी अजून तेच धरून बसलेत, की माझे तीन चूक तर तुझे सहा तरी कुठे बरोबर. तिकिटावर खाली बारीक अक्षरात 'एकूण वेळ ८ तास' छापलेलं होतं. ताईने ते वाचलेलं, पण आमचं भांडण रंगात आल्यावर ती कानात हेडफोन घालून झोपून गेली.